एका शिरस्त्राणाची हकीकत

३६ वर्षें ज्यानें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्यानें प्लॅस्टिकच्या पत्र्याविषयीं लिहावयास बसावें हें पाहून आमच्या कांहीं जुन्या विद्यार्थ्यांना मौज वाटेल. वाटो. आम्हांसही ती वाटली होती. परंतु २०२४ च्या सप्टेंबरांत आम्ही चिरंजीवांकडे विलायतेस गेलों, आणि तेथील तीन महिन्यांच्या मुक्कामांत लंडनचा टॉवर एकदां व चिरंजीवांची मोटार ठेवण्याची खोली रोज पाहिली. तेव्हां लिहावयाचें तर त्या खोलीविषयींच लिहिलें पाहिजे. टॉवरचीं वर्णनें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत.

चिरंजीवांचें घर लंडनच्या पश्चिमेस, जुन्या मिडलसेक्स परगण्यांत आहे. मोटार बाहेर रस्त्यावर उभी असते, आणि तिच्यासाठीं बांधलेल्या खोलींत आमचा नातू असतो. त्याचें वय त्या वेळीं १५ वर्षांचें होतें. पहिल्याच रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीव आमच्या शेजारीं येऊन बसले आणि हळू आवाजांत म्हणाले, "नाना, मे महिन्यांत त्याची परीक्षा आहे. गणितांत घसरला आहे. सारा वेळ त्या सिनेमांतल्या शिपायाचा टोप बनविण्यांत जातो. माझें ऐकत नाहीं. तुम्हीच कांहीं सांगा." मग क्षणभर थांबून ते हंसले. "बंब येथें नाहीं, एवढीच अडचण आहे."

त्या हंसण्याचा अर्थ वाचकांस पुढें कळेल. आम्हांस तो तेव्हांच कळला, आणि त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उपदेशाच्या तयारीनें आम्ही त्या खोलींत शिरलों. आरंभ कोठून करावा, दृष्टांत कोणता द्यावा, हें सर्व ठरवून ठेविलें होतें. पण मुलानें आमच्या हातीं कातड्याचे हातमोजे दिले व "आजोबा, ही चौकट एवढी धरा," असें सांगितलें. तापलेली चौकट हातांत असलेल्या माणसास उपदेश करतां येत नाहीं. तो त्या दिवशीं राहिला तो राहिलाच.

हें शिरस्त्राण कोणाचें, तें आधीं सांगूं. 'स्टार वॉर्स' नांवाचा अमेरिकन चित्रपट १९७७ च्या मे महिन्यांत प्रथम दाखविला गेला. त्यांत आकाशांतील एका साम्राज्याचे, नखशिखांत शुभ्र चिलखत घातलेले शिपाई आहेत; त्यांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात. त्यांचें तोंड दिसत नाहीं. दिसतो तो काळ्या डोळ्यांचा, दुर्मुखलेल्या ओठांचा पांढरा मुखवटा. नातवाबरोबर बसून आम्हीं तो चित्रपट पाहिला. कथेंत आमच्या पिढीस नवें असें फारसें नाहीं: बंदींत पडलेली राजकन्या आहे, एकांतांत राहणारा वृद्ध गुरु आहे, आपल्या कुळाची खरी हकीकत ठाऊक नसलेला शिष्य आहे, आणि शत्रूनें कितीही शस्त्रें सोडलीं तरी तीं नायकास लागावयाचीं नाहींत हा आपल्या कीर्तनकारांचा नियमही तेथें कटाक्षानें पाळलेला आहे. मात्र या चित्रपटाचा बराच भाग लंडनजवळच्या एल्स्ट्री येथें चित्रित झाला हें आम्हांस ठाऊक नव्हतें. राल्फ मॅक्वारी या चित्रकाराच्या चित्रांवरून निक पेम्बर्टन यानें शिरस्त्राणाचा मातीचा नमुना केला, आणि ट्विकनहॅमच्या अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिरानें त्यावरून प्लॅस्टिकच्या पत्र्याचीं ५० शिरस्त्राणें काढून दिलीं. ट्विकनहॅम चिरंजीवांच्या घरापासून फार लांब नाहीं. एके दुपारीं नातवानें आम्हांस तेथें बसनें नेलें, तेव्हां एखाद्या क्षेत्रास आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

आतां कृतीविषयीं. प्लॅस्टिकांत दोन कुळें आहेत. एक बेकेलाइटचें, म्हणजे आपल्या घरांतील विजेच्या जुन्या काळ्या बटणांचें: एकदां तापून घट्ट झालें कीं पुन्हां कितीही तापवा, जळेल पण मऊ होणार नाहीं. दुसरें तापलें कीं मऊ, निवलें कीं कठीण, पुन्हां तापलें कीं पुन्हां मऊ. शिरस्त्राणास लागतें तें हें दुसरें. नातू वापरतो त्या जातीस ए. बी. एस. म्हणतात, ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन या तीन द्रव्यांचीं हीं आद्याक्षरें. पाणिनीच्या प्रत्याहारांची आठवण होऊन आम्हांस या पदार्थाविषयीं उगीचच आपुलकी वाटूं लागली.

हा पत्रा हवेंतील ओलावा पितो. तसाच भट्टीवर धरिला तर त्याच्या अंगावर फोड येतात. म्हणून आधीं ८० अंशांच्या सुमारास तीन-चार तास तो वाळवून घ्यावा लागतो. मग तो चौकटींत चहूंकडून आवळावयाचा आणि आंतून चकचकीत पत्रा मारलेल्या, विजेच्या तापत्या दांड्या बसविलेल्या पेटीवर आडवा ठेवावयाचा. खोलीचें मोठें दार या वेळीं सताड उघडें असलें पाहिजे, कारण वास उग्र येतो व तो चांगला नव्हे. प्रथम पत्रा वेडावांकडा होतो, त्यावर लाटा उठतात. नवशिका येथें घाबरतो. थोड्या वेळानें त्या लाटा आपोआप जिरतात व पत्रा पखवाजाच्या पुडीसारखा ताठ होतो. आणि मग मध्यभागीं हलकेच झोळ पडूं लागतो. तो चार बोटें आला कीं उचलावयाचा. तीन बोटांवर उचलला तर साच्याचे कोपरे भरत नाहींत. पांच बोटांवर गेला तर पत्रा पातळ होऊन फाटतो. चिरंजीवांच्या मातोश्रींना लाडवांच्या पाकाची एकतारी दोन बोटांत धरून कळत असे, आणि ती कळण्याचा क्षण दुसऱ्या कोणास सांगतां येत नसे. ती जाऊन पांच वर्षें झालीं. या खोलींत पत्र्याकडे टक लावून उभे असतां आम्हांस ती चुलीपाशीं बसलेली दिसे.

साचा खालीं एका भोंकें पाडलेल्या पाटीवर ठेवलेला असतो, आणि पाटीखालच्या पोकळ खोक्यास घर झाडण्याचें, हवा ओढणारें यंत्र जोडलेलें असतें. तापला पत्रा साच्यावर खालीं दाबून बटण दाबलें कीं पांच-सहा सेकंदांत काम तमाम! जो पत्रा आतांपर्यंत पत्रा होता, त्यास डोळे, गाल, हनुवटी फुटते. प्रथम पाहिलें तेव्हां आमच्या तोंडून "अरेच्चा!" असा उद्गार निघाला. मुलानें शांतपणें सांगितलें, "आजोबा, यंत्र ओढत नाहीं. तें फक्त खालची हवा काढून घेतें. ढकलते ती वरची हवा."

गणिताची तक्रार आठवून आम्हीं तेथेंच विचारलें, "किती ढकलते?" त्यानें कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर मांडलें. पत्रा ५० सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद, म्हणजे क्षेत्रफळ २,५०० चौरस सेंटिमीटर. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो. पण घरगुती यंत्रानें पूर्ण निर्वात होत नाहीं. फार तर पांचवा हिस्सा हवा निघते. म्हणजे पत्र्यावर एकंदर भार ५०० किलो, पांच क्विंटल. "म्हणूनच माझा पहिला साचा फुटला," तो म्हणाला, "आंतून पोकळ ठेवला होता." वर्गांत बसून हें गणित त्यानें केलें असतें कीं नाहीं कोण जाणे. आम्हीं मात्र ३६ वर्षांत वातावरणाचा दाब इतका चांगला समजावून दिला नव्हता.

साच्याचें शास्त्र निराळेंच आहे. आंत वळलेला भाग साच्यास असूं नये, नाहीं तर पत्रा निवून आवळला कीं साचा सुटत नाहीं. शिरस्त्राण मानेशीं अरुंद व वर रुंद. तेव्हां तें एका ओढीनें निघणें अशक्य. म्हणून चेहरा वेगळा, डोक्याची पाठ वेगळी, कान वेगळे काढावयाचे, आणि चेहरा व पाठ यांचा सांधा कानांखालीं लपवावयाचा. खोल जागीं हवा कोंडूं नये यासाठीं सुईच्या अग्राएवढीं भोंकें पाडावयाचीं. सांचा उंच असला तर कोपऱ्यांत पत्र्यास चुणी पडते, आणि चुणी पडलेला चेहरा फुकट.

फुकट म्हणजे अगदींच फुकट मात्र नव्हे. चुणी पडलेला एक चेहरा नातवानें पुन्हां चौकटींत आवळून पेटीवर ठेविला. आम्ही बघत होतों. आधीं हनुवटी विरघळली, मग गाल बसले, मग डोळ्यांच्या खांचा वर आल्या. आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हां पहिल्यासारखा जवळ जवळ सपाट पत्रा! या प्लॅस्टिकास आपलें पहिलें रूप आठवतें, असें ते लोक म्हणतात. घट फुटला कीं त्याचीं खापरें होतात, पुन्हां चिखल होत नाहीं, हा दृष्टांत आम्हीं पाठशाळेंत ऐकला व पुढें मुलांना शेंकडों वेळां दिला. त्यास असा अपवाद असेल हें शास्त्रीबोवांस माहीत नव्हतें.

एकदां आम्हीं सहज सुचविलें, "या तुझ्या साच्याच्या दोन बाजू सारख्या नाहींत. डावी व उजवी जुळत नाहीं. जरा घासून नीट कर." नातवानें आमच्याकडे असें पाहिलें कीं जणूं आम्हीं एखाद्या ऋचेंतला स्वर बदलावयास सांगितलें! "आजोबा, मुळांतच तसें आहे. १९७६ मध्यें हातानें केलेलें आहे ना! जे सरळ करतात, त्यांचें खोटें." आणि मग अर्धा तास तो बोलत होता. सिनेमांतल्या शिरस्त्राणांवरून कोणी एकानें साचा घेतला, त्या साच्याच्या मालावरून दुसऱ्यानें, दुसऱ्याच्या मालावरून तिसऱ्यानें. प्रत्येक वेळीं पत्र्याची जाडी वर चढते, कडा बोथट होतात, आणि कोणी शहाणा मधेंच एखादी वांकडी रेघ सुधारून टाकतो. हे शोधक जुनीं छायाचित्रें मांडून कोणत्या नकलेचें मूळ कोणतें याच्या वंशावळी लावतात.

ऐकतां ऐकतां आम्ही खुर्चीत सरसावून बसलों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली व १९६६ सालीं पुरी केली, तीसाठीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें जमविलीं, तीं पंडितमंडळी दुसरें काय करीत होती? जेथें पाठ ओबडधोबड आहे तेथें तो मूळचा असण्याचा संभव अधिक, आणि जेथें अगदीं सुबोध आहे तेथें लेखकाचा हात फिरला असल्याचा संशय घ्यावा, हाच त्यांचाही दंडक. पोथीच्या शेवटीं नक्कल करणारा लिहून ठेवतो कीं जसें पाहिलें तसें उतरलें, दोष मला देऊं नका. आमच्या नातवाच्या साच्याखालीं हें वाक्य खुशाल कोरावें. हें त्यास सांगितलें तेव्हां त्यानें सुकठणकरांचें नांव पेन्सिलीनें फळीवर लिहून ठेविलें, त्या पांचशें किलोंच्या शेजारीं.

याच शिरस्त्राणावरून इंग्लंडांत मोठा दावा झाला. एन्सवर्थ यानें २००४ सालापासून शिरस्त्राणें करून विकावयास आरंभ केला. चित्रपटाच्या मालकांनीं अमेरिकेंत दावा लावून २००६ सालीं २ कोटी डॉलरांचा हुकूमनामा मिळविला, आणि मग इंग्लंडच्या न्यायालयांत आले. तेथें मुद्दा असा निघाला कीं हें शिरस्त्राण 'शिल्प' आहे काय? शिल्प ठरलें तर त्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षें चालतो. न ठरलें तर मुदत केव्हांच संपलेली. तीन न्यायालयांत खल होऊन २७ जुलै २०११ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, शिल्प नव्हे; कलाकृति ती चित्रपट, शिरस्त्राण हें ती घडविण्याचें एक साधन. अमेरिकेंतील हक्कभंगाबद्दल मात्र इंग्लंडच्या न्यायालयांत दाद मागतां येते, असेंही त्यांनीं सांगितलें. कायद्याच्या दृष्टीनें निकाल योग्यच असेल. नातवास तो मान्य नाहीं. "साधन असलें म्हणजे शिल्प कां नसावें?" असें तो म्हणतो, आणि या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण असाच एक निकाल आम्हींही पूर्वीं दिला होता, व त्यावर अपिलाची सोय नव्हती.

सन १९९५. चिरंजीव १२ वर्षांचे, सातवींत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं त्यानें रावणाचा मुखवटा करावयास घेतला. पालथ्या घागरीवर नदीकांठची माती थापून त्यानें नाक, भिवया, गाल घडविले. त्यावर खळींत भिजविलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे थरावर थर लावले. तीन आठवडे शाळा सुटली कीं तो परसांत. मग सहामाहीचे गुण आले. गणितांत ३८. आम्ही त्याच शाळेंत मास्तर. सकाळीं स्नानाचा बंब पेटला होता. आम्हीं मुखवटा उचलला, दोन तुकडे केले आणि बंबांत घातला. मुलगा पंचा खांद्यावर टाकून उभा होता. तो रडला नाहीं. त्याच पाण्यानें त्यानें त्या दिवशीं स्नान केलें.

पुढच्या वर्षीं तो पहिला आला, पुढें इंजिनियर झाला, विलायतेस गेला. बंबाची गोष्ट आमच्या घरांत व शाळेंत कौतुकानें सांगितली जाऊं लागली. आम्हींही ती पालकसभांतून सांगितली आणि २०१५ सालीं निवृत्तीच्या समारंभांतही सांगितली. टाळ्या पडल्या. चिरंजीवांच्या मातोश्री मात्र तिचा विषय निघाला कीं उठून आंत जात. चिरंजीवांनीं त्यानंतर हातानें कधीं कांहीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

पाडव्याच्या दिवशीं सूनबाई व नातू बाहेर गेले असतां चिरंजीवांनीं पुन्हां विषय काढला. "नाना, तुम्हीं त्याला अजून कांहीं बोललां नाहींत. त्या वेळीं तुम्हीं माझा मुखवटा बंबांत घातला, म्हणून मी आज येथें आहें. मीच त्याचें सामान बाहेर फेकून देतों." हें ते रागानें बोलले नाहींत, कृतज्ञतेनें बोलले. आम्हांस तेंच असह्य झालें.

आम्हीं म्हटलें, "तो काकतालीय न्याय आहे. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढाच संबंध. पुढच्या वर्षीं तुझी आई पहांटे चारला उठून कंदील घेऊन तुझ्यापुढें बसत होती. तुझे गुण तिनें आणले. मुखवट्याचा त्यांत कांहीं भाग नव्हता."

"मग जाळला कां?"

"मास्तरांच्या मुलाला ३८ गुण मिळाले म्हणून. शिक्षकांच्या खोलींत एकानें मला तोंडावर विचारलें होतें. तो राग."

चिरंजीव भांडीं विसळीत होते. तें काम त्यांनीं पुरें केलें, हात पुसले, आणि वर निघून गेले. दोन दिवस ते आमच्याशीं जेवढ्यास तेवढें बोलले. याहून जास्त कांहीं झालें असतें तरी आम्हांस तक्रार करण्याचा अधिकार नव्हता.

पुढच्या रविवारीं चेहऱ्याची शेवटची ओढ ठरली होती. नातवाचे दोन्ही हात चौकटीवर. आम्ही झोळ मोजावयास खालीं वांकलेले. आणि बटण दाबणारा त्याचा मित्र ऐन वेळीं आलाच नाहीं. पत्रा ताठ झाला, झोळ धरूं लागला. "तीन बोटें," आम्हीं सांगितलें. इतक्यांत चिरंजीव चहाचा पेला हातांत घेऊन दारांत उभे असल्याचें दिसलें. ते केव्हां आले होते न कळे. "बाबा, बटण!" मुलगा ओरडला. चिरंजीवांनीं पेला जमिनीवर ठेवला, यंत्राशीं बसले आणि आमच्याकडे पाहिलें. "चार," आम्हीं म्हटलें. चौकट खालीं आली, बटण दाबलें गेलें.

डाव्या हनुवटीखालीं एक बारीक चुणी पडली, पण ती कापून टाकावयाच्या भागांत गेली. चिरंजीवांनीं हात लावावयास बोट पुढें केलें तों मुलानें त्यांचें मनगट धरलें. अजून भाजलें असतें. मग बापलेक बराच वेळ चुणी कां पडते याविषयीं बोलत बसले. साचा आणखी उंच पाटावर ठेवावा कीं काय, असें चिरंजीव विचारीत होते. आम्ही उठून आंत गेलों. गुडघे दुखूं लागले होते.

त्या संध्याकाळीं तह झाला. नोव्हेंबरअखेरपासून परीक्षेपर्यंत खोली बंद. फक्त रविवारीं दुपारीं दोन तास उघडावयाची. आणि कोणत्याच पक्षावर दुसऱ्याचा विश्वास नसल्यामुळें किल्ली आम्हांकडे. आमचें परत येण्याचें तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचें होतें. घरीं पोंचून कोट खुंटीस अडकवितांना खिशांत कांहीं खुळखुळलें. काढून पाहतों तों ती किल्ली. लगेच फोन केला, पाकिटांत घालून टपालानें पाठवितों, रविवारपर्यंत पोंचणार नाहीं, क्षमा करा, असें कळविलें.

"पाठवूं नका, आजोबा," नातू म्हणाला. "कुलूप तोडलें."

कोणी तोडलें, असें आम्हीं जरा करडेपणानेंच विचारलें.

"बाबांनीं. काल रात्रीं."

काल शनिवार होता.